जीपींनी कृपया लक्ष ठेवावे

माझ्या नोकरीचा निम्मा वेळ पेशंट तपासण्यात जातो आणि निम्मा पत्रं वाचण्यात. इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर म्हणून काम करायला लागून मला तेवीस वर्षं झाली. हॉस्पिटलातल्या स्पेशालिस्टांची पत्रं रोज गठ्ठ्याने येतात. पेशंटला काय झालं, त्यांनी काय केलं, आणि शेवटी सहीच्या वर एक ओळ: जीपींनी कृपया अमुक करावे. कृपया रक्त तपासावे, कृपया गोळी वाढवावी, कृपया लक्ष ठेवावे. त्या ‘कृपया’चा मला मनस्वी राग आहे. काम आमच्या गळ्यात अडकवायचं आणि वर गोड बोलायचं. तरी मी ते करते. पत्रात सांगितलेली तपासणी माझ्या हातून राहून गेली असं तेवीस वर्षांत एकदाही झालेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. माझ्या पेशंटांच्या बाबतीत.

माझा नवरा हाडांचा सर्जन. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो. तो पुण्याचा, मी सोलापूरची. त्यामुळे कोण किती बोलतं आणि कोण किती तिखट खातं यावर तीस वर्षं तेच ते विनोद चालू आहेत. घरात कामाची वाटणी ठरलेली. गाडी, बॉयलर, इन्शुरन्स त्याच्याकडे, पोस्ट माझ्याकडे. दारातून पडलेला प्रत्येक लिफाफा मी उघडते, मग त्यावर नाव कोणाचंही असो. वाचते आणि फाइलला लावते.

या देशात प्रत्येक माणसाला जीपी असतो. डॉक्टरलाही असावाच लागतो, आणि तो घरातला किंवा मैत्रीतला नसावा असा दंडक आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या तरुण डॉक्टरांना हे मी दरवर्षी बजावून सांगते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कारण आमच्या मराठी डॉक्टरांच्या गोतावळ्यात कुणीच कधी जीपीकडे जात नाही. इथे नवीन आलो तेव्हा दर सहा महिन्यांनी नोकरी बदलायची, गाव बदलायचं. दरवेळी नाव नोंदवत कोण बसणार? मग एकमेकांनाच विचारायची सवय लागली, आणि पुढे घरं झाली, पोरं मोठी झाली तरी ती सुटली नाही.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी घरी जेवण असतं. सात-आठ कुटुंबं, बहुतेक सगळे डॉक्टर. पानं वाढायच्या आधी अर्धा तास स्वयंपाकघरात ओपीडी चालते. “जरा बघ ना” एवढं म्हटलं की झालं. फ्रिजच्या उजेडात घसा बघितला जातो, सोफ्यावर गुडघा वाकवून दाखवला जातो, कुणाची छाती कुणाच्या मुलीच्या खोलीत तपासली जाते. यात आम्हाला फुशारकी होती, खोटं कशाला बोलू? लोक महिना-महिना अपॉइंटमेंटसाठी थांबतात आणि आम्हाला कोशिंबीर कालवता कालवता कन्सल्टंट मिळतो.

अशाच एका शनिवारी, आमच्याच घरी, कान-नाक-घशाच्या सर्जन मित्राने माझ्या नवऱ्याच्या उजव्या कानामागे हात लावला.

“हे कधीपासून आहे रे?”

“आहे दोन-तीन वर्षं. सायकलचं हेल्मेट टोचतं, एवढंच. आणि खाजतं अधूनमधून.”

“तू बघितलंस का गं?” मित्राने मला विचारलं.

मी बघितलं होतं. चरबीची गाठ असेल म्हटलं होतं. लिंबाएवढी गाठ रोज उशीवर माझ्या शेजारी होती आणि मी तिच्यावर कधी नीट बोट ठेवलं नव्हतं. मित्राने पुढच्या महिन्यात रीतसर हॉस्पिटलात घेऊन ती काढली. त्याची बायको पॅथॉलॉजिस्ट. तिने गाठीची काच मायक्रोस्कोपखाली स्वतः बघितली, मग दुसऱ्या दोघांना दाखवली. निदान आलं ते एका जपानी डॉक्टरचं नाव असलेल्या आजाराचं. मी कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं होतं आणि विसरले होते. कातडीखालच्या मऊ भागात आणि आजूबाजूच्या ग्रंथींत सूज येऊन गाठी होतात, बहुतेक आपल्या आशियाकडच्या पुरुषांना. फार क्वचित होतो.

“कॅन्सर नाही,” पॅथॉलॉजिस्ट मैत्रीण फोनवर म्हणाली. पुढेही ती काहीतरी सांगत होती. मी नवऱ्याकडे बघून अंगठा वर केला. त्या शनिवारी मी श्रीखंड केलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मित्र कामाला चोख. त्याने ते नियमाप्रमाणे पेशंटच्या जीपीला लिहिलं होतं आणि प्रत आमच्या घरी आली होती. मी ते डायनिंग टेबलावर उभ्या उभ्या वाचलं. सर्जरीतून, म्हणजे माझ्या दवाखान्यातून, नुकतीच घरी आले होते, कोटसुद्धा अंगावर होता. गाठ पूर्ण निघाली आहे. आजार सौम्य आहे. मात्र काही रुग्णांत मूत्रपिंडांवर परिणाम होऊन लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. तरी जीपींनी दर तीन महिन्यांनी लघवी आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून कृपया लक्ष ठेवावे.

मला तेव्हा काय वाटलं ते मला स्वच्छ आठवतं. वाटलं, पडलं बिचाऱ्या जीपीच्या गळ्यात आणखी एक. मग मी पत्राला भोकं पाडली, ते फाइलला लावलं आणि कुकर चढवला.

तो बिचारा जीपी कोण, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नवऱ्याने आयुष्यात एकदाच नाव नोंदवलं होतं, कार्डिफला, ज्युनिअर डॉक्टर असताना. कॉम्प्युटरात तेच राहिलं होतं. कार्डिफच्या सर्जरीने काही आठवड्यांनी पत्र परत पाठवलं, हा माणूस आता आमच्याकडे नाही म्हणून. त्यांचं बरोबरच होतं. परत आलेलं पत्र हॉस्पिटलच्या कुठल्या ट्रेमध्ये जाऊन पडलं, कुणास ठाऊक.

पुढची दीड वर्षं मी नंतर इतक्या वेळा उलगडून बघितली आहेत की आता त्यातलं काय तेव्हा दिसलं होतं आणि काय मागाहून दिसलं, ते मलाही नक्की सांगता येत नाही. मोज्यांच्या कडा त्याच्या पायांवर उमटायला लागल्या. तो म्हणाला, दिवसभर ऑपरेशन थिएटरात उभा असतो, होणारच. शनिवारच्या मंडळींतल्या हृदयवाल्याने पाय बघून सांगितलं, ब्लडप्रेशरच्या गोळीने होतं असं, बदलून टाक. ती गोळीही त्यानेच कधीतरी सुचवली होती. सकाळी डोळे सुजायचे, तर तो परागकणांचा सीझन होता. वजन वाढलं, तर पन्नाशीनंतर वाढतंच. पाठ दुखते म्हणून तो आयबुप्रोफेन खायचा, सर्जन खातात तसं, शेंगदाणे खाल्ल्यासारखं. ते मूत्रपिंडांना मारक, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा बाथरूममधून त्याने हाक मारली, “कमोडला साबण लावलायस का? फेस येतोय केवढा!” मी म्हटलं, क्लीनरचा असेल.

फेस. लघवीला फेस. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारला तर तो उत्तर देईल असा प्रश्न. माझ्या खुर्चीसमोर बसून एखादा पेशंट हे म्हणाला असता तर मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नसतं, हातात बाटली दिली असती. पण घरी मी डॉक्टर नव्हते, घरी मी डोक्यात भाजीची यादी घेऊन जिना उतरत होते. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आमचा पाहुणा दहा घरचा होता.

आमची मुलगी इथेच वाढलेली, मराठी मोडकंतोडकं; बर्मिंगहॅमला प्राथमिक शाळेत शिकवते. डॉक्टर होणार नाही हे तिने बारा वर्षांची असतानाच आम्हाला ऐकवलं होतं. एका रविवारी दुपारी ती आली. बाबा सोफ्यावर पाय वर करून झोपला होता. ती त्याच्या पायाशी बसली आणि गमतीने त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. तिने अंगठा काढला, खड्डा तसाच. तिने मला हाक मारली.

“आई, हे बघ. बाबाची पाय असं का राहते?”

मी बघितलं. मी पुन्हा दाबलं, वर गुडघ्यापर्यंत दाबत गेले. सगळीकडे खड्डे.

“वेट, बाबाची जीपी कोण आहे?” तिने विचारलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. इतक्या डॉक्टरांत दीड वर्षात हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. तो एका शाळामास्तरणीने विचारला. त्या क्षणी मला ते पत्र आठवलं, त्यातली शेवटची ओळ, माझा अंगावरचा कोट, सगळं.

मी घरातल्याच बाटलीत त्याची लघवी घेऊन सर्जरी उघडली, रविवारी. पट्टी बुडवली. जो रंग फिकट पिवळा राहायला हवा तो गडद हिरवा झाला. सोमवारी तो हॉस्पिटलात भरती होता. शरीरातलं प्रोटीन लघवीवाटे धो धो वाहून गेलं होतं, म्हणून सूज. मूत्रपिंडांचं काम निम्म्यावर आलं होतं. सुई घालून तुकडा काढला, तर मूत्रपिंडांत व्रण पडायला सुरुवात झालेली. किडनीची डॉक्टर एक शांत आयरिश बाई होती. लवकर सापडलं असतं तर स्टेरॉइडने बऱ्याचदा आवरतं, ती म्हणाली. आता प्रयत्न करू. मग तिने पेन बाजूला ठेवून अगदी साधेपणाने विचारलं, “गाठ काढल्यानंतर लक्ष कोण ठेवत होतं?”

“पत्र कार्डिफला गेलं,” नवरा म्हणाला. “माझंच चुकलं, जीपी बदलला नाही.”

मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. तोंड उघडलं असतं तर तीन शब्दांचं काम होतं. मी वाचलं होतं. पण मी माझ्या पर्सचा बंद नीट करत बसले. आमच्या घरी प्रत आली होती का, हे तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असंही एकदा मनात आलं. लाज वाटते हे लिहायला, पण आलं.

याहून वाईट पुढे आहे. चार दिवसांनी मित्र घरी आला. बायकोला न घेता, एकटाच. स्वयंपाकघरात उभा राहून तो रडला, साठीचा माणूस. “मी फोन करून सांगायला हवं होतं. लिहिलं आणि सुटलो. माझ्यामुळे झालं हे.” मी त्याला पाणी दिलं. “असू दे,” म्हटलं. असू दे! मोठ्या मनाने माफ केल्यासारखं. तो गेला आणि परत आला नाही. शनिवारच्या जेवणांना ती दोघं येईनाशी झाली, मग आम्हीही जाईनासे झालो. लोकांना वाटलं, आम्ही त्याच्यावर रागावलो आहोत. मी कुणाचाच गैरसमज दूर केला नाही.

ते पत्र मी फाइलमधून काढलं नाही, फाडलंही नाही. तिकडे हातच लावला नाही. ती फाइल असलेल्या कपाटासमोरून जाताना माझी मान आपोआप दुसरीकडे वळायची.

स्टेरॉइडने त्याचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला, साखर वाढली, झोप गेली आणि मूत्रपिंडं काही ऐकेनात. दुसरी औषधं झाली, तिसरी झाली. एका वर्षात तो डायलिसिसवर आला. आठवड्यातून तीन सकाळी चार-चार तास. हातावर शीर आणि धमनी जोडून त्यांनी एक जाड नस तयार केली. तिच्यावर हात ठेवला की घरघर लागते. ज्या हाताने तो हातोडा आणि करवत चालवायचा, तोच हात त्याने त्यांना वापरू दिला; दुसऱ्या हाताच्या शिरा चांगल्या नव्हत्या. ऑपरेशन करणं बंद झालं. हॉस्पिटलने त्याला ऑफिसात बसून करायचं काम दिलं. त्याला कामावरून आलेला मी कधी इतका स्वच्छ बघितला नव्हता. शर्टाला एक सुरकुती नसायची.

घरातलं जेवण गेलं. बटाटा दोनदा उकळून पाणी ओतून द्यायचा, टोमॅटो नाही, शेंगदाण्याचा कूट नाही, डाळ मोजून, मीठ जवळजवळ नाहीच. पाणी दिवसाला एवढंच. सोलापूरच्या मुलीला शेंगदाण्याशिवाय स्वयंपाक म्हणजे हातच तोडल्यासारखं, पण मी केला. तो न बोलता खायचा. पूर्वी आमटीत गूळ कमी पडला तर तो पंधरा मिनिटं पुणेरी प्रवचन द्यायचा. आता चव नसलेल्या ताटासमोर बसून म्हणायचा, “छान झालंय.” ते ‘छान झालंय’ ऐकून मला ताट भिंतीवर भिरकावावंसं वाटायचं. मी चिडायचे, क्षुल्लक गोष्टींवरून. एकदा त्याने चोरून अर्धा आंबा खाल्ला म्हणून मी इतकी ओरडले की शेजारीण दारात आली. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्या बघण्यात काहीतरी होतं, पण मला तेव्हा ते तपासायचं नव्हतं.

मुलगी म्हणाली, मी देते माझी किडनी. फॉर्मसुद्धा घेऊन आली. मी तिच्या हातातून फॉर्म काढून घेतला. “तुला अजून संसार मांडायचाय. मी देणार.”

“आई, तू फिफ्टी-सिक्स आहेस.”

“मग काय झालं? इंजिन चांगलं आहे.”

तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला, बाकीचंही बऱ्यापैकी जुळलं. आयरिश डॉक्टरने आम्हा दोघांना बसवून स्पष्ट सांगितलं, यांच्या किडनीतले हे व्रण ज्या प्रकारचे आहेत, तो प्रकार नव्या किडनीतही परत येऊ शकतो. येईलच असं नाही; पण देताना हे माहीत असू द्या. मी म्हटलं, माहीत आहे. मला ती कशीही करून द्यायची होती. माणसाला खाज सुटावी तशी मला ती देण्याची घाई झाली होती, आणि ही घाई प्रेमाची नव्हती, हे मला कळत होतं. प्रेम होतं. पण घाई त्याची नव्हती.

इथे जिवंत माणसाने किडनी द्यायची तर शेवटी एक मुलाखत असते. हॉस्पिटलशी उपचारांचा संबंध नसलेलं कुणीतरी देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला आधी वेगवेगळं आणि मग एकत्र भेटतं. कुणी जबरदस्ती केलेली नाही ना, काही आमिष नाही ना, हे बघायला. आमची मुलाखत घ्यायला एक निवृत्त गृहस्थ होते, विणलेला स्वेटर, चष्मा दोरीला. मला त्यांनी एकटीला विचारलं, “तुमच्यावर कसला दबाव आहे का?”

“नाही.”

“कुणाचाही नाही?”

हजारो पेशंटांना मी असेच प्रश्न विचारले आहेत, आणि उत्तर येण्याआधीचा तो एक क्षण मला ओळखता येतो. त्यांनाही येत असावा. ते वाट बघत बसले. आणि मी सांगून टाकलं. पत्र, कोट, कुकर, मित्राला दिलेलं पाणी, सगळं. बोलताना मी रडले नाही. केस हिस्टरी सांगावी तसं सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. “हे तुमच्या नवऱ्याला माहीत आहे?”

“नाही.”

“तुम्ही यामुळे देताय का?”

“यामुळेही देतेय,” मी म्हटलं. “त्याला देणारच होते. पण झोप यामुळे लागत नाही.”

ते म्हणाले, अपराधी वाटणं हा गुन्हा नाही आणि दबावही नाही, पण तुमच्या नवऱ्याला माहीत नसताना मी हे पुढे पाठवू का, याचा मला विचार करावा लागेल. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मग त्यांनी नवऱ्याला आत बोलावलं.

डायलिसिस आदल्या दिवशी झालं होतं, त्यामुळे तो जरा टवटवीत होता. माझ्या शेजारी बसला. मी मराठीत सुरुवात केली, कारण हे मला इंग्रजीत त्याला सांगता येणार नव्हतं. “ते पत्र घरी आलं होतं. प्रत. मी वाचली होती. वाचून फाइलला लावली.”

तो समोरच्या टेबलाकडे बघत म्हणाला, “माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“मी बघितलं होतं ते. तेव्हाच. बॉयलरचा कागद शोधताना. कोपऱ्यात तुझी बरोबरची खूण होती, तारीख घातलेली. तू सर्जरीत करतेस तशी. मला वाटलं, हिने बघितलंय म्हणजे झालं.”

मी ती खूण केल्याचं मला आजही आठवत नाही. हात आपोआप चालला असणार. रोज साठ पत्रांवर चालतो तसा.

“मग एवढे दिवस बोलला का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून थांबलो.” मग म्हणाला, “आणि मला काय, वाचता येत नव्हतं? मी एफआरसीएस आहे. लघवी माझी होती. तुझी खूण बघितली आणि सुटलो. तुला काय विचारणार? तू विचारलं असतंस, तू का नाही केलंस, तर?”

स्वेटरवाले गृहस्थ फार सभ्यपणे म्हणाले, माफ करा, पण मला नोंद करावी लागते. इंग्रजीत सांगाल का? मग मी भाषांतर केलं. “ते म्हणतात, त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्यावर विसंबून राहायचं ठरवलं. आणि मी जीपीवर.” गृहस्थांनी लिहून घेतलं. नवऱ्याने माझा हात धरला नाही, मीही त्याचा धरला नाही. त्याने फक्त गृहस्थांना सांगितलं, “मी ही किडनी घेणार आहे. तिने सांगितलं नसतं तर कदाचित शेवटच्या दिवशी नको म्हणालो असतो.”

घरी येताना गाडीत मी मित्राला फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा. सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, “रोज रात्री झोपताना मी तेच पत्र लिहितो गं. रोज.” आणि त्याने फोन ठेवला. नंतर त्याच्या बायकोचा दोन ओळींचा मेसेज आला, की आत्ता भेटायला येऊ नका. मला त्याचा राग आला नाही. यायचा हक्कच नव्हता.

ऑपरेशन मार्चमध्ये झालं. माझी डावी किडनी त्याच्या उजव्या कुशीत बसली आणि टेबलावरच लघवी करायला लागली, असं सर्जनने येऊन सांगितलं. लग्नानंतर इतकी आनंदाची बातमी कुणी मला सांगितली नव्हती. सहा आठवड्यांनी त्याने आमटी चाखून गूळ कमी असल्याचं सांगितलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर घेऊन रडले. पदर कसला, ओढणी.

कॉव्हेंट्रीत घराजवळच्या सर्जरीत त्याने नाव नोंदवलं. तिथली जीपी तरुण आहे, केनियाची. तिला मी अजून भेटलेली नाही आणि भेटणार नाही.

हॉस्पिटलने घरी लघवीतलं प्रोटीन तपासायच्या पट्ट्या दिल्या आहेत. रोज सकाळी तो बाथरूममधून ओरडतो, “निगेटिव्ह!” आणि मी जिना चढून जाते आणि पट्टी स्वतः बघते. पहिल्या आठवड्यात त्याला हे लागलं. “विश्वास नाही का?” म्हणाला. मी म्हटलं, “नाही. आणि तूही ठेवू नकोस.” आता तो पट्टी बेसिनच्या कडेला ठेवून देतो आणि दाढी करत बाजूला सरकतो.

गेल्या मंगळवारी तो ओरडला नाही. मी वर गेले. पट्टी कडेवर होती, आणि पिवळ्या चौकोनात हिरवट छटा होती. थोडीशी. प्रोटीन, प्लस वन.

“इन्फेक्शन असेल,” तो आरशात बघत म्हणाला. “किंवा काल जास्त चाललो त्याचं. उद्या परत बघू.”

“असेल,” मी म्हटलं आणि तिथेच, बाथरूमच्या दारात, किडनी क्लिनिकला फोन लावला. आठ वाजले होते, लाइन नुकती उघडली होती. मी त्याचं नाव, जन्मतारीख, ऑपरेशनची तारीख, पट्टीचा रंग, सगळं एका दमात सांगितलं. पलीकडची मुलगी टाइप करत होती. मग तिने विचारलं, “तुम्ही त्यांच्या जीपी का?”

“नाही,” मी म्हटलं. “मी बायको.”